कोणाचें दुखणें आधीं?

रोग्यास औषध मिळावें, हें कोण नाकारील? परंतु प्रत्येकास प्रत्येक उपचार समाजानें पुरवावा असें म्हणतांच खजिन्याची मर्यादा आड येते. मग माणसें कमी करावींत कीं उपचार, असा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओरेगॉननें तो उघडपणें सोडविण्याचा यत्न केला. १९८७ सालीं तेथील कायदेमंडळानें गरिबांच्या अवयवरोपणाचा खर्च थांबवून गर्भवतींच्या देखभालीसारख्या उपचारांना अग्रमान दिला. थोड्यांच्या खर्चांत पुष्कळांचें कल्याण, हा हिशेब रास्तच होता. पण त्याच वर्षीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा, अस्थिमज्जेच्या रोपणासाठीं लोकवर्गणी जमत असतांच, दगावला.

पुढें १९८९ च्या कायद्यानें नेमलेल्या मंडळानें उपचारांची क्रमवार यादी केली. पहिल्या खर्ड्यांत खर्चास लाभानें भागून क्रम लाविला, तेव्हां दांतास टोपण बसविणें हें गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्याही वर गेलें! स्वस्त काय आणि प्राणरक्षक काय, हा भेद भागाकारास कसा समजावा? मंडळानें यादी पुन्हां रचिली. १९९४ सालीं तींतील ६९६ बाबींपैकीं पहिल्या ५६५ बाबींची हमी मिळाली, आणि पूर्वीं वगळलेलीं हजारों गरीब माणसें योजनेंत आलीं.

अशी रेघ ओढणें निर्दयपणाचें आहे, असें पुष्कळ म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. रेघ सर्वत्र असतेच. इतरत्र ती अलिखित असते आणि दारांतून परत गेलेल्या रोग्यासच काय ती दिसते. ती छापून जाहीर करणें हा प्रामाणिकपणाच होय. आमचा आक्षेप निराळा आहे. ही यादी मुख्यत्वें गरिबांसच लागू झाली. नोकरदारांना मालकांकडून विमा देवविण्याचें कलम अंमलांत आलेंच नाहीं. आणि ज्यांनीं रेघ ओढली त्यांच्या कुटुंबांचा विमा वेगळाच होता.

श्रीमंतानें पदरच्या पैशानें अधिक उपचार घ्यावे, यास आमची हरकत नाहीं. परंतु सर्वांची हमी ठरविणाराचें घर त्याच हमीवर विसंबून असावें. पंक्तींत वाढणारी स्वतः शेवटीं पानावर बसते. म्हणूनच तिच्या हातून कमी पडलें तरी कोणी रुसत नाहीं.