नाण्याचा पत्ता

इंग्लंडमध्ये २०१५ साली चार महिन्यांच्या अंतराने जमिनीतून दोन ठेवे निघाले. दोन्ही नवव्या शतकाच्या उत्तरार्धातले. दोन्हींत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा चेओलवुल्फ यांची चांदीची नाणी होती आणि दोन्ही ठेवे मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळणाऱ्या हौशी माणसांच्या हाती लागले. ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनजवळ ज्याला ठेवा सापडला, त्याने खणणे थांबवले आणि जाणकार अधिकाऱ्याला बोलावले. मातीचा अख्खा गोळा उचलून प्रयोगशाळेत नेला गेला, त्यातली नाणी, कडी, चांदीच्या लगडी एकेक करून मोकळ्या केल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये अॅश्मोलियन संग्रहालयाने साडेतेरा लाख पौंडांना तो ठेवा घेतला. त्याआधी जूनमध्ये हेरेफर्डशायरमधल्या लेम्स्टरजवळ ज्या दोघांना असाच ठेवा मिळाला, त्यांनी ना शेतमालकाला सांगितले ना सरकारला. त्यांनी नाणी विकायला काढली. सुमारे तीनशे नाण्यांपैकी तीसेकच परत मिळाली. २०१९ मध्ये न्यायालयाने दोघांना दीर्घ तुरुंगवास सुनावला, पण त्याने उरलेल्यांतली बहुतेक नाणी परत आली नाहीत. या नाण्यांचे मोल त्यांच्या चांदीपुरते नव्हते. आल्फ्रेडच्या पक्षाने लिहिलेल्या इतिवृत्तात चेओलवुल्फ हा व्हायकिंगांच्या तालावर नाचणारा मूर्ख सरदार ठरवला गेला आहे. नाणी मात्र दोघे राजे बरोबरीने एकाच घडणीचे चलन पाडत असल्याचे दाखवतात. जेत्याने पुसून टाकलेल्या एका सहकाऱ्याची साक्ष त्या मातीत होती, आणि तिचा मोठा भाग चोरट्या सौद्यांत विखुरला गेला.

डिटेक्टर आणि नाण्यांचा छंद घेऊन परदेशी जाणाऱ्यांचा एक वर्ग आता चांगला रुळला आहे. अमेरिकेतून, युरोपातून माणसे इंग्लंडच्या शेतांवर खास सुटी काढून येतात, शेतमालकाला पैसे देऊन दिवसभर जमीन चाळतात. परदेशात नोकरी करणाऱ्या आणि लहानपणापासून नाण्यांची आवड असलेल्या मराठी माणसालाही हा मोह होऊ शकतो. त्यात मुळात वाईट काही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून पडलेली वस्तू आपल्या तळहातावर येते, तेव्हा इतिहासाशी जडणारे नाते खरे असते. त्याला नुसती हाव म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न पुढचा आहे. परक्या भूमीत शोध घेणाऱ्या पाहुण्यावर तिथल्या रहिवाशापेक्षा कमी जबाबदारी असते की जास्त? सुटीवर आलेल्याने नियमांचे ओझे किती वाहायचे, असा एक सोपा समज असतो. माझे मत नेमके उलटे आहे. पाहुण्याची जबाबदारी जास्त असते, कारण तो निघून जाणार असतो.

हे पटण्यासाठी नाण्याला त्याचा पत्ता काय देतो हे पाहिले पाहिजे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पाडाव करून सातकर्णीने त्याचेच चलन आपल्या नावाने फिरवले, हा निष्कर्ष निघाला तो या निधीच्या एकत्रपणातून. तीच नाणी एकेक करून तेरा हजार खिशांत गेली असती, तर प्रत्येक खिशात एक सुंदर नाणे असते आणि सातवाहनांच्या इतिहासातले एक पान कोरे राहिले असते. अलीकडचे उदाहरण सॉमरसेटमधल्या फ्रोमचे. २०१० मध्ये तिथे एका हौशी शोधकाला रोमन नाण्यांनी भरलेला घडा लागला. तो स्वतः उपसत न बसता त्याने पुरातत्त्वज्ञांना कळवले. घड्यात ५२,५०३ नाणी निघाली आणि ती थराथराने मोजली गेली. सगळ्यांत उशिराच्या काळातली, सम्राट कॅरॉसियसची नाणी वरच्या थरात असायला हवी होती. पण त्यांतली बरीचशी खालच्या बाजूला होती. म्हणजे वर्षानुवर्षे थोडी थोडी बचत टाकत हा घडा भरला नव्हता. तो एकाच वेळी भरला गेला होता. मातीचा पातळ घडा इतक्या वजनासकट उचलता येणे शक्य नव्हते, तेव्हा आधी तो खड्ड्यात ठेवला आणि मग नाणी ओतली. संकटकाळी लपवलेले धन, की देवतेला वाहिलेले दान, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. बादलीत ओतून आणलेल्या बावन्न हजार नाण्यांनी यातले काहीही सांगितले नसते.

आता हाच शोधक परदेशी पाहुणा आहे असे धरू. गावातल्या हौशी माणसाने एखादी नोंद राहू दिली, तरी त्याला वर्षभराने जाऊन विचारता येते: ते शेत कोणते, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, सोबत खापरे होती का? त्याची आठवण त्या भूमीजवळच राहते. पाहुण्याची आठवण विमानाने निघून जाते. मायदेशी पोहोचल्यावर त्याच्या अल्बममध्ये ‘रोमन, ब्रिटन’ एवढीच चिठ्ठी उरते, पुढे ती चिठ्ठीही गळून पडते, आणि वारस तो संग्रह विकतात तेव्हा नाण्याला देशसुद्धा उरत नाही. उलट, परका माणूस योग्य तऱ्हेने वागला तर काय होऊ शकते हेही आपल्याला माहीत आहे. टोनी क्लन हे ब्रिटिश लष्करातले अधिकारी १९८७ मध्ये जर्मनीत ओस्नाब्रुकला होते. त्यांना डिटेक्टरचा छंद होता. पण शेतात उतरण्याआधी ते स्थानिक पुरातत्त्वज्ञ वोल्फगांग श्ल्यूटर यांना भेटले, आणि त्यांच्या सल्ल्याने कालक्रीझच्या परिसरात शोध सुरू केला. ऑगस्टसच्या काळातली चांदीची नाणी मिळाली, ती त्यांनी श्ल्यूटर यांच्याकडे नेली. पुढच्या वर्षी शिशाचे तीन गोफणगुंडे मिळाले. संग्राहकाच्या बाजारात त्या शिशाला कोण विचारतो? पण इथे व्यापारी नव्हे, सैन्य आले होते, हे सांगितले त्या गोफणगुंड्यांनी. इसवी सन ९ मध्ये रोमन सेनापती व्हारसची तीन सैन्यदळे जिथे कापली गेली ते ठिकाण शतकानुशतके सापडत नव्हते. ते कालक्रीझचेच, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्याचा मोठा आधार तिथली नाणी आहेत. इसवी सन ९ नंतरचे नाणे त्यांत नाही, काहींवर खुद्द व्हारसच्या नावाचा शिक्का आहे. क्लन परदेशी होते, हौशी होते, तरी जर्मनीच्या इतिहासाला त्यांनी जे दिले ते फार थोड्या व्यावसायिकांना देता आले असेल. त्यांनी आधी विचारले आणि सापडले ते तिथेच ठेवले. बाकी सगळे त्यातून आले.

कायदा देशागणिक बदलतो, आणि पाहुण्याने तो निघण्यापूर्वीच समजून घ्यायचा असतो. इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी घेऊन शोधता येते. १९९६ च्या कायद्याप्रमाणे ‘ट्रेझर’ ठरणारी वस्तू चौदा दिवसांत कोरोनर या न्यायिक अधिकाऱ्याला कळवावी लागते, आणि संग्रहालयाने ती घेतली तर बक्षिसाची रक्कम सहसा शोधक व शेतमालक यांच्यात वाटली जाते. त्याच बेटावर थोडे उत्तरेला, स्कॉटलंडमध्ये, सापडलेल्या पुरावस्तूवर राजसत्तेचा हक्क असतो. डेन्मार्क डिटेक्टर वापरू देतो, पण मोलाची वस्तू राष्ट्रीय संग्रहालयाकडे द्यावी लागते आणि तिचा मोबदला मिळतो. आयर्लंडमध्ये १९८७ पासून पुरावस्तू शोधण्यासाठी विनापरवाना डिटेक्टर फिरवणे हाच गुन्हा आहे. ग्रीसमध्येही डिटेक्टर वापरायला सरकारी परवानगी लागते. तुर्कस्तानात जमिनीतल्या पुरावस्तू राज्याच्या मालकीच्या आहेत, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि अशा वस्तूंसह विमानतळावर पकडल्या गेलेल्या पर्यटकांवर खटले झाले आहेत. हे कायदे सगळेच सारखे शहाणपणाचे आहेत असा माझा दावा नाही. ते बदलायचे की ठेवायचे हे त्या त्या देशाचे नागरिक ठरवतील. आठवडाभरासाठी आलेल्या माणसाला तो अधिकार पोहोचत नाही.

यावर संग्राहकांचा पहिला आक्षेप असा की नाणी हजारोंनी पाडली जात. संग्रहालयांच्या तळघरांत पेट्याच्या पेट्या धूळ खात पडल्या आहेत. त्यांत आणखी एका झिजलेल्या तांब्याच्या नाण्याने काय भर पडणार? नाण्याने पडणार नाही, हे खरे. भर पडते ती नोंदीने. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली चालणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये पंधरा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत. त्यांतल्या बहुसंख्य वस्तू नोंद झाल्यावर शोधकाकडेच परत गेल्या, संग्रहालयाने त्या मागितल्याही नाहीत. पण कोणत्या काळातले चलन कोणत्या खोऱ्यात खेळत होते, कुठे ते अचानक थांबले, याचा नकाशा त्या क्षुल्लक वस्तूंतून तयार झाला. तेव्हा तळघर भरलेले आहे हा युक्तिवाद नोंद न करण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्लंडच्या शेतात दरवर्षी नांगर फिरतो, खतांची रसायने धातू खातात. हौशी माणसाने नाणे काढले नाही तर ते तिथेच नाहीसे होईल. नांगरटीच्या वरच्या थरापुरते हे बरोबर आहे, आणि म्हणूनच सरसकट बंदीपेक्षा इंग्लंड-डेन्मार्कचा मार्ग मला अधिक उपयोगी वाटतो. पण या युक्तिवादातून नोंदवून शोधण्याचा हक्क निघतो, खिशात घालण्याचा नाही. शिवाय तो न नांगरलेल्या जागांना लागू पडत नाही. जर्मनीतल्या नेब्राजवळच्या डोंगरावर १९९९ मध्ये परवानगीवाचून खणणाऱ्यांनी ब्राँझयुगातली प्रसिद्ध आकाशतबकडी काढली. तिथे नांगर पोहोचला नव्हता. तबकडीला इजा झाली ती त्यांच्याच अवजाराने. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला सापळा लावून ती परत मिळवली गेली. चोरांनी पुढे जागा दाखवली म्हणून तिचा पत्ता कळला. त्यांनी तोंड उघडले नसते तर सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांची ती तबकडी खरी की खोटी, हा वाद आजही चालू राहिला असता.

तिसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाच्या मनात आधीच उभा राहिला असेल. ज्या देशाच्या संग्रहालयात आपल्या आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत, त्या देशाच्या शेतातले एक नाणे आपण आणले तर बिघडले काय? हा राग मला समजतो, आणि त्या शिल्पांच्या मालकीचा प्रश्न विचारत राहणे आपले कामच आहे. मात्र तो प्रश्न आपण कोणत्या तत्त्वावर विचारतो? वस्तू ज्या भूमीत घडली, जिच्या लोकांच्या स्मृतीचा ती भाग आहे, तिथे तिचा पहिला हक्क आहे, या तत्त्वावर. ते तत्त्व सॉमरसेटच्या शेतात मोडून अमरावतीसाठी वापरता येणार नाही. आणि व्यवहारात पाहिले तर अशा खिसेभरूपणाने नुकसान होते ते एखाद्या अज्ञात शेतमालकाचे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याचे. साम्राज्याचा हिशेब त्यातून चुकता होत नाही.

डिटेक्टर हाती न धरता फक्त विकत घेणाऱ्यालाही यातून सुटका नाही. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्मलीजवळ डिटेक्टरने सुमारे १,९०० प्राचीन चांदीची नाणी काढली गेली. अथेन्सची दहा द्राख्मांची नाणी तोवर जगात डझनभरच माहीत होती. एकट्या या निधीत ती चौदा होती. निधी चोरून देशाबाहेर गेला, अमेरिकेतल्या धनिक संग्राहकांनी त्याचा मोठा भाग घेतला आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर तो १९९९ मध्ये तुर्कस्तानला परत मिळाला. खणणारे गावकरी होते, पण त्यांना खणायला लावणारी मागणी हजारो मैलांवरून आली होती. पर्यटनस्थळाच्या बाजारात कुणी कागदपत्राविना ‘जुने नाणे’ पुढे करतो, तेव्हा ते बहुधा बनावट असते. ते अस्सल असेल तर गोष्ट अधिक गंभीर आहे.

म्हणून या छंदासाठी परदेशी निघणाऱ्याला माझे सांगणे आहे. ज्या देशात डिटेक्टरला परवानगी नाही तिथे तो सामानात नेऊ नका. जिथे आहे तिथे शेतमालकाची परवानगी लेखी घ्या, नोंद करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याचे नाव आधी शोधा, जागेचे अक्षांश-रेखांश तिथल्या तिथे टिपा आणि मातीत एकाहून जास्त नाणी दिसू लागली की हात थांबवा. मोलाची वस्तू तिथेच राहू द्या. छायाचित्र, वजन, मोजमाप आणि नोंदणी क्रमांक घेऊन परत या. ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू बाहेर न्यायला परवाना लागतो, हे सहल आखणाऱ्याने सांगितले नाही तरी आपण विचारा. जाताना अदलाबदलीसाठी शिवराई किंवा होन सोबत नेण्याचा विचार असेल तर तोही सोडा. भारताच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आपल्या गावच्या शेतात नांगराला काही लागले, तर तिथेही १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.