नावांचा हिशेब

कोपरगावी गोदावरीच्या काठी राघोबादादांचा वाडा आहे. त्यांच्या पेशवेपदाच्या अभिलाषेतून उद्भवलेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले, दादांना नेमणूक मिळाली आणि आयुष्याचे अखेरचे दिवस काढण्यास ते या गावी आले. परंतु त्या युद्धात जे शिलेदार, बारगीर आणि प्यादे कामास आले, त्यांची याद कोणत्याही वाड्याने राखलेली नाही. नावे धन्यांची उरतात, मरण मात्र चाकरांच्या वाट्यास येते, हा युद्धस्मृतीचा जुना दस्तुर आहे; आणि मृत सैनिकांचे स्मरण ख्रिस्ती श्रद्धेने करावयाचे, तर या दस्तुराशी पहिला विरोध तिथेच यावयास हवा.

खेदाची गोष्ट अशी, की देवालयांनीही तो दस्तुर पाळलेला आहे. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ मुंबईत कुलाब्यास जे अफगाण चर्च उभारले गेले आणि १८५८ साली उपासनेसाठी अर्पण झाले, त्याच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. सामान्य शिपायांची संख्या फार मोठी, सबब त्यांची नावे देता येत नाहीत, अशा आशयाची नोंद तेथे आहे. एक मेंढरू हरवले म्हणून नव्याण्णवांना रानात ठेवून त्याच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टान्त ज्या धर्माने जगाला सांगितला, त्या धर्माच्या मंदिरात संख्येची ही सबब मान्य होण्याजोगी नाही.

पहिल्या महायुद्धाने ही चूक काही अंशी दुरुस्त केली. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने सेनापती आणि शिपाई यांच्या समाधिशिळांत हुद्द्यावरून भेद करावयाचा नाही, हे तत्त्व स्वीकारले. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात, जिथे १९६२ साली मुंबईच्या शिवडी कबरस्तानातील ६२९ सैनिकांचे अवशेष आणून पुरण्यात आले, ते तत्त्व आजही डोळ्यांनी पाहता येते. तथापि त्याच आयोगाने २०२१ साली स्वतःच्या कारभाराची तपासणी करून कबूल केले, की किमान १,१६,००० मृतांची, त्यांत बहुसंख्य पूर्व आफ्रिकेचे आणि इजिप्तचे, नावानिशी नोंदच झाली नाही. समतेचे तत्त्व दगडावर उतरले, पण वर्णभेदाच्या उंबरठ्याशी अडखळले.

कोपरगाव ज्यात मोडते, त्या आपल्या जिल्ह्याचा इतिहास याहूनही कठीण प्रश्न विचारतो. संगमनेर, केंदळ या भागांत मराठी माणसांमध्ये ज्यांनी ख्रिस्ती मंडळ्या जोपासल्या, त्या येशूसंघीय धर्मगुरूंत जर्मन पुष्कळ होते. १९१४ साली युद्ध पेटताच ते सरकारच्या लेखी शत्रू ठरले, मुंबई-पुण्याच्या मिशनांतील कित्येक जर्मन धर्मगुरू नजरकैदेत पडले, बहुतेकांची पुढे मायदेशी रवानगी झाली, आणि शत्रुराष्ट्रांच्या प्रजाजनांसाठी अहमदनगरासच मोठी छावणी उघडण्यात आली. ज्या मंडळीला बाप्तिस्मा देणारा गुरू एका पक्षाचा आणि पलटणीत भरती झालेला मुलगा दुसऱ्या पक्षाचा, तिने प्रार्थनेत कोणाचे नाव गाळावे? ख्रिस्ताने शत्रूसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा दिलेली असल्यामुळे उत्तर एकच संभवते: कोणाचेही नाही.

म्हणूनच सैनिकाचे मरण आणि क्रुसावरील बलिदान यांची सरसकट तुलना करण्याचा मोह आवरला पाहिजे. ख्रिस्ताने कोणावर शस्त्र उचलले नाही. सैनिक मरतो, तसा मारतोही, आणि त्याला त्या प्रसंगात आपण, म्हणजे समाजाने, उभे केलेले असते. त्याच्या शौर्याचा गौरव अवश्य व्हावा, परंतु त्या गौरवाला आपल्या पश्चात्तापाची जोड नसेल, तर पुढच्या युद्धाची भरतीच त्यातून सुरू होते.

दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानांत मेणबत्त्या लागतात. कोपरगाव तालुक्यातील ख्रिस्ती मंडळ्यांनी त्या उपासनेत तालुक्यातील हुतात्मा जवानांची नावे, मग ते हिंदू, बौद्ध, मुसलमान वा ख्रिस्ती असोत, हुद्द्याचा क्रम न लावता एकेक करून वाचावीत. त्यांच्या कुटुंबीयांना आमंत्रण द्यावे, आणि शेवटी ज्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत त्यांच्यासाठी, व पलीकडच्या बाजूस पडलेल्यांसाठीही, प्रार्थना करावी. त्याने देशनिष्ठेत तिळमात्र उणेपणा येणार नाही. देशासाठी प्राण देणाऱ्याला नुसत्या संख्येत जिरू न देणे, ही राष्ट्राचीही गरज आहे. आणि प्रत्येक मनुष्य देवाला नावाने ठाऊक आहे असे मानणाऱ्या श्रद्धेने ती गरज भागविण्यात पुढाकार घ्यावा, हे तिचे कर्तव्यच आहे.