मिरजेचा कान

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून अर्थशास्त्री मित्रांचे एक विधान मी पुन्हा पुन्हा ऐकतो आहे: उद्योग कच्च्या मालावर, रस्त्यांवर आणि बाजारपेठेवर उभा राहतो, नाद, चव, गंध यांची काळजी साहित्यिकांनी वाहावी. मला हे साफ नामंजूर आहे.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूरकडच्या भीमाकाठावरून. दांडीचे लाकूड बाहेरचे, तारा बाहेरच्या. मिरजेचे स्वतःचे असे काय? जवारी लावणारा कान. जवारी लावायची म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा कानशीने किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. केसभर जास्त घासले गेले तर नाद बिघडतो. इथे फूटपट्टी चालत नाही. कुणाला खुली जवारी हवी असते, कुणाला बंद. ते गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरते आणि कारागिराला ऐकूनच कळते.

तरुण मार्क्सने 1844 च्या हस्तलिखितांत इंद्रियांवर जे लिहिले, ते मला त्याच्या पुढच्या पुष्कळ लिखाणाहून मोलाचे वाटते. माणसाची इंद्रिये जन्मतः तयार नसतात, आजवरच्या सगळ्या इतिहासाने ती घडवलेली असतात. ज्याचा कान घडलेला नाही त्याच्यासाठी उत्तम संगीतही नसल्यात जमा, असे तो म्हणतो. आपल्याकडचे मार्क्सवादी उत्पादनसंबंधांवर तासन्‌तास बोलतात आणि ही पाने ओलांडून जातात, याचा मला मनापासून राग येतो. कान हे उत्पादनाचे साधन आहे, हे त्यांनीच आधी सांगायला हवे होते. शिवाय मागणीही कानातच जन्मते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेत ग्वाल्हेरची गायकी शिकवली. फटाक्याने दृष्टी अधू झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच शिकले. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. असे गिऱ्हाईक दाराशी असले की कारागिराला ढिसाळपणा परवडत नाही.

मात्र कानालाच मूळ मानून थांबता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाद्यांकडे वळलेले फरीदसाहेब शिकलगार घराण्यातले, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांतले. इंग्रजी अमलात शस्त्रे गेली, तसे कामही गेले. कानस हातात होतीच. ती पोटासाठी वाद्यावर चालू लागली आणि कान त्या हातामागून घडला. म्हणजे सुरुवात उपजीविकेतून झाली, एवढे मी त्या मित्रांना देतो. पण भोपळ्याच्या आणि लाकडाच्या भावातून पुढचे काही उलगडत नाही. हत्यारांना धार लावणाऱ्यांचे वंशज आज सतारमेकर हे आडनाव लावतात. एका मुस्लिम कारागीर जमातीची ओळख अशी नादावर उभी राहिली आणि साऱ्या गावाने ती आपली मानली.

भौगोलिक मानांकनाचा 1999 चा कायदा गावाचे नाव जपतो. कान घडायला लागणारी वर्षे त्याच्या हिशेबात नाहीत. त्या वर्षांत शिकाऊ मुलगा काही विकत नसतो, ऐकत असतो, आणि घरी द्यायला पैसे नसले की दुसरी नोकरी धरतो. म्हणून माझे मागणे सरळ आहे: वाद्याच्या पावतीवर जवारीची मजुरी वेगळ्या ओळीत लिहा आणि शिकाऊ मुलाला त्या ऐकण्याच्या वर्षांचे विद्यावेतन द्या. अर्थशास्त्र्यांना वाद घालायचाच असेल तर त्यांनी या दोन आकड्यांवर घालावा.