दुर्जनास जीवदान

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या दुसऱ्याच प्रकरणात, कर्मजिज्ञासेचा उपन्यास करताना, अर्जुनाच्या शेजारी शेक्सपिअरच्या हॅम्लेटला आणि कोरिओलेनसला आणून बसविले आहे. गीतेवरील भाष्यात विलायती नाटकांतील पात्रांचे काय काम, असे एखाद्या सनातनी वाचकास वाटले असल्यास नवल नाही; परंतु धर्माधर्माचा खरा पेच सूत्रापेक्षा प्रसंगात पडतो, आणि असे प्रसंग जतन करून ठेवण्याचे काम सर्व देशांत कथेनेच केले आहे, हे टिळकांनी ओळखले होते. तो दाखला पुढे ठेवून, विसाव्या शतकात इंग्रजीत उदयास आलेल्या अद्भुतकथेची, आणि विशेषेकरून 1954 व 1955 या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या ग्रंथाची, नीतिविचाराच्या दृष्टीने थोडी तपासणी करण्याचे योजिले आहे.

या वाङ्मयप्रकारावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, त्यात सज्जन तेवढे शुभ्र आणि दुर्जन तेवढे काळेकुट्ट असतात, शेवटी शुभ्रांचा जय होतो, आणि वाचकाच्या विवेकास काही श्रम पडत नाहीत. एडमंड विल्सन या नामांकित अमेरिकन टीकाकाराने 1956 मध्ये टोल्कीनच्या ग्रंथाची बालवाङ्मयात गणना करून यथेच्छ टवाळी केली, ती याच भूमिकेवरून. कथेचा सांगाडा पाहिला तर हा आरोप खोटा वाटत नाही. साउरॉन नावाच्या सत्तापिपासू अधिपतीने एक अंगठी घडविली, तीत आपले बळ ओतले, आणि पुढे ती गमावली. ती त्याच्या हाती पुन्हा पडली तर जगाचे दास्य अटळ. म्हणून हॉबिट या बुटक्या, शेतीवाडीत रमणाऱ्या जमातीतील फ्रोडो नामक एका साध्या गृहस्थाने ती शत्रूच्याच मुलखातील ज्वालामुखीत नेऊन टाकावी, असे ठरते. परंतु गंमत अशी की, हा साउरॉन एवढ्या मोठ्या ग्रंथात एकदाही समोर येत नाही. त्याचा अंमल दिसतो, हेर आणि फौजा दिसतात, तो स्वतः दिसत नाही. ज्या लेखकाला केवळ काळा आणि पांढरा असा सामना रंगवावयाचा आहे तो आपल्या खलनायकास असा पडद्याआड ठेवणार नाही. टोल्कीनचे लक्ष दुसरीकडे आहे.

ते कोठे आहे हे कळण्यासाठी ग्रंथकर्त्याची थोडी पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. टोल्कीन हे 1925 पासून 1959 पर्यंत ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक होते. जुनी इंग्रजी भाषा हा त्यांचा व्यासंग, रोमन कॅथलिक पंथ ही त्यांची निष्ठा, आणि 1916 मधील सोमचा रणसंग्राम हा त्यांच्या तारुण्याचा अनुभव. ख्रिस्ती तत्त्वज्ञानात दुष्टत्वाविषयी फार जुना वाद आहे. इराणातील मानीच्या अनुयायांचे म्हणणे असे की, प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र, अनादी तत्त्वे असून जग हे त्यांचे रणांगण होय. संत ऑगस्टीन नऊ वर्षे या मताचा होता. पुढे त्याने ते टाकले आणि दुष्टत्व म्हणजे सत्त्वाचा अभाव, चांगल्याला लागलेली कीड, तिला स्वतःचे अस्तित्व नाही, असा सिद्धान्त मांडला. सहाव्या शतकात कारागृहात वधाची वाट पाहत असता बोएथियसने आपल्या ग्रंथात याच मताचा पुरस्कार केला, आणि त्या ग्रंथाचे जुन्या इंग्रजीतील भाषांतर राजा आल्फ्रेडच्या नावावर आहे. म्हणजे ते टोल्कीन यांच्या अभ्यासाच्या टेबलावरचेच पुस्तक. त्यांच्या कथेत साउरॉनही मुळात दुष्ट नव्हता असे स्पष्ट सांगितले आहे, आणि अंधाराच्या अधिपतीला नवे काही निर्माण करता येत नाही, असलेल्याचे विडंबन तेवढे करता येते, हे फ्रोडोच्याच तोंडून वदविले आहे.

तत्त्वतः दुष्टत्व हा अभाव खरा. परंतु ज्याच्या गळ्यात ती अंगठी साखळीने लटकत असते त्याला तिचे ओझे वाटते, आणि ते दिवसेंदिवस वाढत जाते. ही अंगठी म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेवर हुकूम चालविण्याची जणू कोरी सनदच होय, आणि तिचा मोह दुर्जनांपेक्षा सज्जनांना अधिक घातक ठरतो, हे टोल्कीन यांचे मार्मिक निरीक्षण. गॅन्डाल्फ हा ज्ञानी पुरुष फ्रोडोने आपण होऊन देऊ केलेली अंगठी नाकारतो, कारण दुबळ्यांविषयी वाटणारी करुणा हीच आपल्याला तिच्याकडे ओढून नेणारी वाट ठरेल, हे तो जाणतो. उलट बोरोमिर हा शूर राजपुत्रतुल्य योद्धा ती बळाने घेऊ पाहतो. त्याला स्वतःसाठी काही नको असते, वेढ्यात सापडू पाहणारे आपले नगर वाचवावयाचे असते. इच्छा नसताही मनुष्य बळजबरीने जुंपल्यासारखा पाप का करतो, हा अर्जुनाने तिसऱ्या अध्यायात विचारलेला प्रश्न बोरोमिरला त्याच दिवशी, दोघा मित्रांचा बचाव करताना देह ठेवण्यापूर्वी, पुरता समजलेला असतो. साउरॉनच्या कारस्थानी बुद्धीची मर्यादाही येथेच आहे. हाती आलेली अनिर्बंध सत्ता कोणी वापरणार नाही, उलट नष्ट करावयास निघेल, ही शक्यताच त्याच्या कल्पनेत शिरत नाही.

परंतु सत्तेचा त्याग हा या ग्रंथाच्या नीतीचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग गॉलम नावाच्या एका हीन जीवाभोवती फिरतो. हा कधीकाळी हॉबिटांच्याच भाऊबंदांपैकी होता. अंगठीसाठी त्याने आपल्या सोबत्याचा गळा आवळला, आणि तिच्यासह सुमारे पाचशे वर्षे डोंगराखालील अंधारात कच्चे मासे खात काढली. फ्रोडोचा वडीलधारी नातलग बिल्बो याला ती अंगठी सापडली, तेव्हाचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. अंगठीच्या प्रभावाने बिल्बो अदृश्य आहे, हातात तलवार आहे, भुयाराच्या तोंडाशी वाट अडवून बसलेला गॉलम निःशस्त्र आहे. एक घाव घातला की मामला निकालात. त्या क्षणी बिल्बोच्या मनात या प्राण्याच्या अंधाऱ्या, एकाकी, आशाहीन दिवसांचे चित्र उभे राहते, आणि तो वार न करता त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. 1937 मध्ये बिल्बोची ही कथा सांगणारे टोल्कीन यांचे ‘द हॉबिट’ प्रथम छापले गेले तेव्हा हा प्रसंग त्यात नव्हता. तेथे गॉलम पाहुण्याला मुकाट्याने बाहेरची वाट दाखवितो. 1951 च्या आवृत्तीत लेखकाने ते प्रकरण बदलून ही अनुकंपा त्यात घातली. मोठी कथा लिहीत असताना, तिचा सगळा डोलारा कोणत्या खांबावर उभा आहे हे त्यांच्या ध्यानी आले असले पाहिजे.

पुढे फ्रोडो गॉलमला पकडतो, तोही त्याला मारीत नाही, वाटाड्या म्हणून बरोबर घेतो. शत्रूच्या मुलखाच्या सीमेवरील खड्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि त्याचा इमानी सेवक सॅम थकून झोपले आहेत. गॉलम, ज्याने त्यांचा घात करण्याची तजवीज आधीच केली आहे, परत येतो आणि त्यांच्याकडे पाहत उभा राहतो. त्याच्या डोळ्यांतील हिरवट चमक विझते, तो एखाद्या जरठ, थकल्याभागल्या हॉबिटासारखा दिसू लागतो, आणि कापरा हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि धन्याला हा काही इजा करीत आहे अशा समजुतीने त्याच्यावर खेकसतो. गॉलम मागे सरतो, हिरवी चमक परत येते, आणि तो क्षण हातचा जातो. गॉलम पश्चात्तापाच्या अगदी उंबरठ्यावर आला होता, सॅमच्या एका कठोर शब्दाने तो माघारी वळला, असे टोल्कीन यांनी 1945 मध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. येथे दोष कोणाच्या माथी मारावयाचा? सॅम धन्याशी निष्ठावंत आहे, सावध आहे, त्याचा संशय खोटाही नाही. आणि तरीही एका जीवाचा उद्धार त्याच्या खडसावण्याने अडला. सज्जनाच्या सद्गुणानेच दुर्जनाची परतीची वाट बंद व्हावी, इतका सूक्ष्म पेच ज्या कथेत आहे तिला काळ्यापांढऱ्याची कथा म्हणणाऱ्याने ती पुरती वाचली नसावी.

शेवटी ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो हरतो. अंगठी आगीत टाकण्याचे नाकारून तो तिच्यावर आपली मालकी सांगतो, बोटात घालतो. आणि मागोमाग आलेला गॉलम, ज्याला थोड्याच वेळापूर्वी डोंगराच्या उतारावर सॅमनेही तलवार उगारून सोडून दिले होते, फ्रोडोचे बोट दातांनी तोडून अंगठी हिसकावतो, आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन तिच्यासह अग्नीत पडतो. आपल्या पुराणांत भस्मासुर स्वतःच्याच वराने भस्म झाला, परंतु तेथे युक्ती रचण्यास मोहिनी हजर होती. येथे तशी कोणी नाही. नायकाच्या मनोनिग्रहाने जे साधले नाही ते तिघांनी निरनिराळ्या वेळी दिलेल्या जीवदानांमुळे साधले, आणि त्यांपैकी एकालाही आपण भविष्याची काही तरतूद करीत आहो याची जाणीव नव्हती. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्यास दुर्मती म्हटले आहे. त्या विवेचनाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. टोल्कीन यांनीही वाचकांना पाठविलेल्या उत्तरांत फ्रोडोच्या पराभवाला नैतिक अपराध मानण्यास नकार दिला. देहाची आणि मनाची शक्ती संपेपर्यंत तो चालत गेला होता. त्यापलीकडचा हिशेब त्याच्याकडे मागता येत नाही.

हे सर्व खरे असले तरी या इमारतीत एक भेग आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शत्रूच्या सैन्यात ऑर्क नावाचे जे हजारो क्रूर शिपाई आहेत त्यांची कत्तल सज्जन लोक निःशंक मनाने करतात; त्यांच्यापैकी एकालाही कोणी गॉलमप्रमाणे अभय देत नाही. दुष्टत्वाला निर्मिती करता येत नाही हे तत्त्व मानले, तर ऑर्क हेही मुळात कोणाच्या तरी अधःपातातून झालेले जीव ठरतात. मग त्यांना अनुकंपेचा हक्क का नसावा? हा प्रश्न टोल्कीन यांना अखेरपर्यंत छळत होता. त्यांनी ऑर्कांच्या उत्पत्तीच्या अनेक उपपत्ती लिहून पाहिल्या आणि फिरविल्या. 1973 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही तिढा सुटलेला नव्हता, आणि ती टिपणे त्यांच्या मुलाने 1993 मध्ये प्रसिद्ध केली. दुष्ट मनुष्य आणि दुष्टांची जमात यांत पहिल्याला न्याय देणे कथेला जमते, दुसरीला देणे जमत नाही. ही उणीव एकट्या टोल्कीनची नसून, राक्षसांच्या सैन्याचा संहार वर्णन करणाऱ्या जगातील बहुतेक सर्व महाकथांची आहे.

म्हणून अद्भुतकथेची नैतिक योग्यता तिच्यातील खलपुरुष किती भयंकर रंगविला आहे, किंवा त्याचा वध किती थाटात झाला आहे, यावरून ठरवू नये. दुबळा, किळसवाणा, उपद्रवी आणि आयता हाती सापडलेला अपराधी समोर असता त्या कथेतील सज्जन काय करतात, आणि अमर्याद मुखत्यारी कोणी आणून दिली असता ती घेण्यास ते धजतात की नाही, या दोन कसोट्या तिला लावाव्यात. दुसरीला टोल्कीनचा ग्रंथ पूर्णपणे उतरतो. पहिलीला गॉलमपुरता उतरतो, ऑर्कांपुरता उतरत नाही.