गॅस निघून गेल्यावर

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या लेखी भोपाळ म्हणजे दोनच गोष्टी: तलाव आणि गॅस. मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात एक जागा अशी आहे, जिथे गॅस तलावातूनच आला. त्या तलावाचं नाव न्योस. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून गॅस सुटला त्या आमच्या २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीला दोन वर्षंही झाली नव्हती. २१ ऑगस्ट १९८६ रोजी रात्री नऊच्या सुमारास, जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेल्या त्या तलावाच्या तळातून कार्बन डायऑक्साइडचा लोट उसळला. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो उतारावरून दऱ्यांत शिरला आणि न्योस, चा, सुबुम या गावांवर पसरला. सुमारे १,७०० माणसं आणि साडेतीन हजारांच्या आसपास गुरं मेली. काही जण कित्येक तासांनी शुद्धीवर आले, तेव्हा घरातले कंदील विझलेले होते, पण तेल तसंच शिल्लक होतं. अंगणात गुरं मरून पडली होती आणि त्यांच्यावर एकही माशी घोंघावत नव्हती. माश्याही मेल्या होत्या.

जगाने या दोन्ही जागांची दखल मेलेल्यांच्या संख्येपुरती घेतली. मागे राहिलेल्यांचा संसार मोजायला माप नसतं, म्हणून तो बातमीत येत नाही. मला त्या संसाराबद्दल बोलायचं आहे.

जुन्या भोपाळातल्या अनेक घरांत गॅसचा विषय निघाला की कपाटावरून प्लॅस्टिकची एक पिशवी खाली येते. तिच्यात रेशनकार्ड, दवाखान्याच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, एक्स-रे, दाव्याचे कागद. १९८९ मध्ये युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. १९९० पासून माणशी महिना दोनशे रुपये अंतरिम मदत सुरू झाली आणि पुढे बहुतेक जखमींच्या पदरी पंचवीस हजार रुपये पडले. दावा प्रत्येकाचा वेगळा. एका ताटलीत जेवणाऱ्या भावंडांचेही क्रमांक वेगवेगळे. आजार मात्र घराला जडला होता. हमाली करणाऱ्या बापाला धाप लागू लागली की मुलाची शाळा सुटते, मुलीचं लग्न लांबतं, आईला चार घरची धुणीभांडी धरावी लागतात. यातलं काहीही भरायला दाव्याच्या अर्जात रकाना नव्हता.

आम्हा भोपाळच्या मराठी माणसांना हे थोडं लांबूनच दिसलं, हेही सांगायला हवं. १९५६ मध्ये राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा फायलींबरोबर कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडंही आली आणि तात्या टोपे नगरासारख्या नव्या वस्त्यांत स्थिरावली. कारखाना होता तो उत्तरेकडे, जुन्या शहराला लागून. गॅसनेही शहराचे वर्ग पाडले होते.

न्योसच्या कुटुंबांना पिशवीसुद्धा मिळाली नाही. वाचलेल्यांना सात छावण्यांत हलवलं, काही दिवसांपुरतं म्हणून, आणि ते तिथेच राहिले. पूर्वजांची जमीन, कुळाची जागा, गावच्या मुखियाचा मान, सगळं दरीत राहिलं. पुढचं संकट भाषेच्या सीमेवरून आलं. ब्रिटिशांच्या ताब्यातला दक्षिण कॅमेरून १९६१ मध्ये फ्रेंच भाषकांच्या कॅमेरूनला जोडला गेला. न्योस त्या इंग्रजी पट्ट्यात आहे. २०१६ मध्ये तिथले वकील आणि शिक्षक फ्रेंच लादण्याविरुद्ध रस्त्यावर आले आणि पुढच्याच वर्षी बंदुका निघाल्या. छावण्यांचा तो सारा टापू आजही त्या संघर्षात होरपळतो आहे. राज्यपुनर्रचनेत आमची फक्त बदली झाली, हे आमचं नशीब म्हणायचं.

दोषाचा शोधही पाहण्यासारखा आहे. कॅमेरूनमध्ये कुणीतरी बॉम्बची चाचणी केली असं लोक म्हणू लागले, आणि आजही म्हणतात. योगायोगाने त्याच दिवसांत इस्रायलचे पंतप्रधान शिमॉन पेरेस लष्करी डॉक्टर घेऊन तिथे पोचले होते. जिथे माणसाचा हात नव्हता, तिथे लोकांना तो दिसला. भोपाळात तो उघड दिसत असताना कंपनी मात्र एका नाराज कामगाराने घातपात केल्याचं सांगत राहिली. २०१० मध्ये कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, लगोलग जामीनही मिळाला. कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष वॉरन अँडरसन न्यायालयात उभा न राहताच २०१४ मध्ये वारला.

आणि तरीही न्योसवर उपाय झाला. २००१ मध्ये फ्रेंच तंत्रज्ञांनी तलावाच्या तळापर्यंत एक नळ सोडला. सुरुवातीला थोडं पाणी पंपाने वर खेचलं, की विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो आणि पुढचं पाणी आपणच वर ढकलतो. विजेशिवाय चालणारं ते कारंजं चाळीस-पन्नास मीटर उंच उडायचं. २०११ मध्ये आणखी दोन नळ बसले. याच आफ्रिकेत किवू सरोवराच्या तळाशी कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेनही आहे आणि रवांडा त्यातून वीज काढतो. किवूच्या काठचं काँगोतलं गोमा शहर जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ बंडखोरांनी घेतलं, तेव्हा बंदुका बातमीत आल्या; शहराच्या पायाशी साठलेला वायू आला नाही.

गुन्हेगारच नसलेल्या तलावाचा वायू माणसाने बाहेर काढला. ज्याचा मालक, कुलूप आणि सातबारा सगळं ठाऊक आहे, त्या कार्बाइडच्या आवाराचं काय? जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, तिथला ३३७ टन कचरा बंद कंटेनरमधून पीथमपूरला गेला आणि त्याच वर्षी जाळला गेला. नागपूरच्या नीरी आणि हैदराबादच्या एनजीआरआय या संशोधन संस्थांनी २०१० मध्ये त्याच आवारातल्या दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टन दिला होता.