आणखी एक स्कॅन मागण्याआधी

स्तनातल्या गाठीचा सुईचा रिपोर्ट कॅन्सरचा आला की घरात पहिला प्रश्न एकच निघतो: कुठं पसरलंय का? पाठोपाठ कुणीतरी म्हणतं, एकदा पेट स्कॅन करूनच टाकू, डोक्याला शंका नको. पुण्यातला पुतण्या फोनवर तेच सांगतो. शेजारच्या गावात कुणाचा तरी केला होता, मग आपल्या आईचा का नाही? डॉक्टर 'सध्या गरज नाही' म्हणाले तर ते दिलासा म्हणून ऐकलं जात नाही. डॉक्टर टाळतायत, किंवा आपण गरीब दिसलो म्हणून सांगत नाहीत, असा अर्थ काढला जातो.

या मागणीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्या बाईच्या अंगात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, तिला ते बघावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण आपल्याला वाटतं तसं स्कॅन 'सगळं' सांगत नाही. तो ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतो, तेही कधीकधी अर्धवट. म्हणून मागण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारावं: याचं उत्तर 'हो' आलं तर उपचार काय होतील, 'नाही' आलं तर काय? दोन्हीकडे उपचार तेच असतील तर तो स्कॅन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाठ लहान आहे, काखेत हाताला काही लागत नाही, हाडं दुखत नाहीत, दम लागत नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, अशी बाई घेऊ. कॅनडातल्या ओंटारिओत २००१ साली आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. हाडांच्या स्कॅनमध्ये प्रसार सापडण्याचं प्रमाण पहिल्या टप्प्यात ०.५ टक्के, दुसऱ्यात २.४ टक्के आणि तिसऱ्यात ८.३ टक्के निघालं. म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या दोनशे बायकांचा स्कॅन केला तर एकीत काही सापडणार. उरलेल्यांपैकी कितीतरी जणींच्या रिपोर्टवर मात्र 'संशयास्पद, पुढील तपासणी करावी' असा शेरा येतो. उसाच्या फडात आणि कांद्याच्या वाफ्यात उभं आयुष्य वाकून गेलेल्या बाईच्या मणक्यात झीज असतेच, कधी जुनं, जुळलेलं हाड असतं. हाडांच्या स्कॅनवर ते उजळतं. पेट स्कॅनमध्ये शिरेतून साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ सोडतात आणि जी पेशी तो जास्त ओढून घेते ती चमकते. कॅन्सरची पेशी चमकते, तशी क्षयाची गाठही चमकते. क्षय इतका पसरलेल्या आपल्या देशात छातीतली चमकणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची धरता येत नाही, आणि नाही म्हणून सोडूनही देता येत नाही. मग पुन्हा सुई, पुन्हा रिपोर्ट, पुन्हा पुढची तारीख.

या तारखांची किंमत मोजावी लागते. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तर मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. त्यात आपला अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्हा राज्यात क्षेत्रफळानं सर्वांत मोठा आहे, १४ तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर. अकोले-संगमनेरची माणसं नाशिक गाठतात, पारनेर-श्रीगोंद्याची पुण्याला जातात, जामखेडकरांना बार्शीचं कॅन्सर रुग्णालय जवळ पडतं, कुणी लोणीला जातं, कुणी विळद घाटात, आणि शेवटी मुंबईला 'टाटाला' आहेच. पेटसाठी लागणारं फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मं उरतं. त्यामुळे ही यंत्रं मोठ्या शहरांच्या आसपासच असतात आणि रुग्णाला ठरल्या वेळी उपाशीपोटी तिथं हजर राहावं लागतं. खासगी केंद्रातला खर्च पाच आकडी. एका स्कॅनपायी गाडीभाडं, दोन माणसांची बुडालेली मजुरी आणि पंधरवड्याचा उशीर होत असेल, तर त्याच्या बदल्यात काय मिळणार हे विचारण्याचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे.

इथवर वाचून कुणी 'स्कॅन नकोच' असं ठरवू नये. त्रास नसताना स्कॅन न करण्याचा परदेशातला सल्ला मुख्यतः लहान गाठी घेऊन येणाऱ्या बायकांसाठी आहे. आपल्याकडे गाठ मोठी झाल्यावर, कातडी ओढली गेल्यावर, काखेत गाठी लागायला लागल्यावर दवाखाना गाठणाऱ्या बायका पुष्कळ. तिथं माझा सल्ला नेमका उलटा आहे: स्कॅन झाला नसेल तर का नाही झाला ते विचारा. ओंटारिओतच पुढे वाढलेल्या टप्प्यातल्या ३६९ बायकांवर चाचणी झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींना पेट-सीटी, निम्म्यांना नेहमीच्या तपासण्या. पेटच्या गटात २३ टक्के बायकांत आजार दूरवर पोचल्याचं कळलं, दुसऱ्या गटात ११ टक्के. या माहितीवरून उपचार खरोखर बदलतात. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ३५० बायकांवर केलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार आधीच दूर पसरलेला असेल तर स्तनावरची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनी आयुष्य वाढत नाही, हे तिनं दाखवलं. म्हणजे मोठ्या गाठीच्या बाईला वेळेवर झालेला एक स्कॅन नाहक स्तन गमावण्यापासून वाचवू शकतो.

एमआरआयचा प्रश्न निराळा. तो पसरण्याचा नव्हे, त्याच स्तनातल्या किंवा दुसऱ्या बाजूच्या न दिसलेल्या गाठींचा. २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात ९६९ बायकांची दुसरी बाजू मॅमोग्राफीत आणि हातानं तपासताना ठीक होती. एमआरआयनंतर १२१ जणींना सुई टोचावी लागली आणि ३० जणींत कॅन्सर निघाला. या तीस जणींना लाभ झाला असं कुणीही म्हणेल. उरलेल्या एक्याण्णव जणींनी ते दिवस कसे काढले असतील, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. ब्रिटनमध्ये १,६२३ बायकांवर झालेल्या चाचणीत आधी एमआरआय करूनही पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण घटलं नाही. दोन्ही गटांत ते १९ टक्क्यांच्या आसपास राहिलं. तरी वय कमी आहे आणि स्तन दाट असल्यानं मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, आई-मावशीला हाच आजार होता, काखेत गाठ आहे पण स्तनात काही सापडत नाही, अशा वेळी एमआरआय आवर्जून मागावा. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात दिसतो, म्हणून अशा बायका आपल्याकडे थोड्या नाहीत.

मला सर्वांत जास्त खटकतं ते असं, की छायाचित्रासाठी कर्ज काढणारं घर सुईतून निघालेल्या तुकड्याचा पूर्ण रिपोर्ट मात्र मागत नाही. ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्या त्या कागदावर आहेत का? ईआर-पीआर असेल, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी असेल, तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी वर्षानुवर्षं काम करते. हर-टू असेल तर त्याची औषधं वेगळी. तिन्ही नसतील तर केमोचा विचार वेगळा. केमो आधी की ऑपरेशन आधी, हेसुद्धा पुष्कळदा यावरच ठरतं. हट्ट धरायचाच तर या रिपोर्टसाठी धरावा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना स्लाइड आणि ब्लॉक बरोबर न्यावेत, म्हणजे तिथं पुन्हा सुई टोचण्याची वेळ बहुधा येत नाही.

आणि विचारणार कोण? फाईल मुलाच्या नाहीतर दिराच्या हातात, डॉक्टर त्याच्याशी बोलतात, बाई बाहेरच्या बाकावर. 'तिला कशाला घाबरवायचं' या मायेपोटी तिच्या शरीराचे सगळे निर्णय तिच्याविना होतात. पण रात्री कंबर दुखते की नाही, हे तिलाच ठाऊक असतं, आणि स्कॅन हवा की नको हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून निरक्षर, दलित बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केलं. नीट समजावून सांगितलं तर न शिकलेली बाईसुद्धा आजाराचा विचार डॉक्टरच्या बरोबरीनं करते, हे त्या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केलं. मग आज आजारी बाईला खोलीत बसवून चार गोष्टी सांगायला आपण का कचरतो, हे मला समजत नाही.

पैशाचंही तिच्यासमोरच बोलावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि काय खिशातून जाणार, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला स्कॅनच्या आधी विचारावं, नंतर नव्हे. जो पैसा आज अनावश्यक फोटोवर जातो, तोच केमोच्या पाचव्या-सहाव्या फेरीला कमी पडतो आणि उपचार अर्धवट सुटतात.

उपचार संपल्यावर हाच मोह पुन्हा येतो: दर सहा महिन्यांनी पेट करून खात्री करू. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एकीत १,३२० बायका, दुसरीत १,२४३. नियमानं हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे काढलेल्या बायका आणि फक्त तपासणी व मॅमोग्राफीवर राहिलेल्या बायका, पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या जगण्यात फरक नव्हता. तेव्हा काही त्रास नसेल तर वर्षाला मॅमोग्राफी आणि डॉक्टरांच्या हातची तपासणी, एवढं पुरतं. पण पाठीचं दुखणं झोपूनही थांबत नसेल, ते दिवसेंदिवस वाढत असेल, खोकला आठवडे हटत नसेल, डोळे पिवळे दिसू लागले, किंवा डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं, जुना रिपोर्ट दाखवावा आणि स्कॅन स्पष्ट शब्दांत मागावा.