फॉर्म आठ भरलास का?



लावणी आटोपली. खालच्या कुणग्याचा बांध फुटला म्हणून दोन दिवस चिखलात गेले, एरवी पाऊस बरा आहे. आईचा गुडघा आहे तसाच. तुझी मांजर माळ्यावर व्याली, तीन पिल्लं आहेत.

२०२४ च्या लोकसभेचा निकाल लागला त्या चार जूनच्या रात्री तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस ती अजून परत आलेली नाहीस. दादाने लिहिलं ते बरोबर नव्हतं, मी त्याला तसं सांगितलं. ‘चारशे पार’ म्हणत उड्या मारायच्या आणि आकडा २४० वर अडकला की घरच्यांवर राग काढायचा, हे काही शहाण्याचं लक्षण नव्हे. जेवण मलाही गेलं नाही त्या दिवशी. जानेवारीत अयोध्येत रामलल्ला बसले तेव्हा मी अंगणात पणत्या लावल्या होत्या, आणि जूनमध्ये ती अयोध्या ज्यात येते तो फैजाबादच हातचा गेला. तीन वेळा चॅनेल बदलून बघितलं. त्यात तू टाळ्यांची चित्रं टाकलीस. ते असो. मला सलतंय ते निराळंच. तू दोन तास भांडलीस बाय, पण मत दिलंच नव्हतंस.

सात मेला मी शाळेबाहेर आमच्या पक्षाच्या टेबलावर यादी घेऊन बसलो होतो. येईल त्याच्या नावावर पेन्सिलीने रेघ मारायची, एवढंच काम. संध्याकाळी सहाला तुझं नाव बिनरेघेचं राहिलं. टेबलाच्या हिशेबाने बरंच झालं, तुझं मत काही आमचं नव्हतं. पण बाप म्हणून ते नाव तसं कोरं बघवलं नाही. मंगळवार होता, रजा नव्हती, गाडीचं तिकीट नव्हतं, हे सगळं तू सांगितलंस. पण तीन वर्षं बंगळुरात राहतेस, मग नाव अजून इथेच का?

१९७७ ची गोष्ट तुला पूर्वी सांगितली असेन, पुन्हा ऐक. तेव्हा मतदानाला एकवीस वर्षं पुरी लागत, त्यामुळे माझं ते पहिलं मत. तुझे आबा आजोबा जनसंघाचे, भिंतीवर गेरूने पणती काढण्यात त्यांची अर्धी हयात गेली. समाजवाद्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. देवधर्म मानत नाहीत म्हणून पंगतीतसुद्धा वाद घालायचे. आणि आमच्या राजापूर मतदारसंघात उभे कोण, तर समाजवादी मधु दंडवते. आणीबाणीत वाजपेयी, अडवाणी आणि दंडवते यांना एकत्र पकडलं ते तुझ्याच बंगळुरात, संसदीय समितीच्या कामासाठी आले असताना. ठेवलंही तिथल्याच तुरुंगात. आबांनी काही भाषण दिलं नाही. सकाळी धुतलेलं धोतर नेसले, मला पुढे घातलं आणि नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारून आले. वाटेत एवढंच म्हणाले, “वाद घालायला माणूस सुटा असावा लागतो.” पुढे दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम आला. तू कोकणातून बंगळूरला झोपून जातेस ना, तो बर्थ असा मऊ झालाय, विरुद्ध विचाराच्या माणसाकडून.

मी बदललेलो नाही हो. घराणेशाही मला तेव्हाही नको होती, आजही नको. सगळं एका रात्रीत उलटंपालटं करू बघणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण आमच्या लोकांचंही सगळं गोड मानून घेतो असं समजू नकोस. काल ज्याला भ्रष्ट म्हणून घरोघर सांगत फिरायचं, त्याच्याच गळ्यात आज हार घालायचा, हे टेबलावर बसणाऱ्याला फार जड जातं. लोक तोंडावर विचारतात. इतकी वर्षं युतीत ही जागा शिवसेनेला जायची, यंदा कुठे कमळ आलं, तर तेही चार पक्षांचं पाणी प्यालेल्या उमेदवाराच्या हाती. मी बटण दाबलं. काचेमागची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो. आनंद झाला असं म्हणणार नाही.

तुझी आई कोणाला मत देते हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, “खोलीत एकटीला सोडतात ते कशाला?” गुडघा धरून शाळेच्या पाच पायऱ्या मात्र चढली. दादाला हे सांगितलंय, तुलाही सांगतो. कोणाचं मत कुठे गेलं यावरून घरात बोलणं बंद व्हायचं नाही. दादाचा फोन येईल रविवारी. उचल. तो माफी मागायचा नाही, स्वभाव तुला माहीत आहे. आंब्याच्या पेटीचं काहीतरी विचारील, त्यातच समजून घे.

आणि एका मताने काय होतं असं म्हणू नकोस. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. तू तेव्हा पाळण्यात होतीस. मी टीव्हीपुढून उठून विहिरीवर जाऊन बसलो होतो. अटलजी मात्र उठले आणि राजीनामा देऊन आले. त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवसापासून दुप्पट झाला.

यंदा तुमच्या बंगळुरात निम्म्याहून थोडीच अधिक माणसं मताला बाहेर पडली. मार्चमध्ये तू टँकरसाठी बादल्या घेऊन उभी होतीस ना? मग पाणी तिथलं, तर मतही तिथलंच असू दे. यादीतलं नाव हलवायचा फॉर्म आठ मोबाइलवर भरता येतो, भाड्याचा करार जोडायचा. कोणाला मत देणार ते मी विचारणार नाही. मला माहीत आहे, आणि ते माझं मत खोडणारं आहे, हेही माहीत आहे. तरी भर.

दादाने नाव पुण्याला नेलं तेव्हा आई दोन दिवस गप्प होती. आता तुझं गेलं की नव्या यादीत आपल्या घर क्रमांकाखाली दोनच नावं राहतील. राहू देत. भरलास की कळव.

तुझे,
अण्णा